बारा आठवडे काटा हलला नाही

माझ्या वजनाच्या वहीत ३ जुलै २०२४ या तारखेपुढे ७६.४ हा आकडा आहे आणि त्याखाली पेनाने इतकी दाबून रेघ मारली आहे की ती मागच्या पानावर उमटली आहे. आदल्या दिवशी मी माउलींच्या पालखीबरोबर पुण्याहून सासवडपर्यंत चालत गेले होते. तीस किलोमीटरच्या आसपास अंतर आहे ते. पहाटे निघालो, वडकी नाल्यावर जेवलो आणि दुपारच्या उन्हात दिवे घाट चढलो. घाटात पुढे-मागे टाळांचा आवाज, डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका, आणि मी त्यांच्यातून एकदाही न बसता वर गेले. सासवडला पोचले तेव्हा पोटऱ्या दगडासारख्या झाल्या होत्या, पण मन भरून आलं होतं. रात्री एसटीने स्वारगेटला उतरले ती एकच गोष्ट मनात धरून : आता तरी काटा हलेल.

सकाळी काट्यावर उभी राहिले. सोमवारी ७५.१ होतं, बुधवारी ७६.४. तीस किलोमीटर चालून सव्वा किलो वाढलं. मी बूट धुतले, वाळवले, खोक्यात घातले आणि माळ्यावर टाकले. पुढचा महिनाभर ते तिथेच होते.

हे सगळं सुरू झालं २०२३च्या डिसेंबरात. मी एका पतसंस्थेत काम करते, दिवसाचे आठ तास खुर्चीत. वय ४६. ऑफिसमध्ये सगळ्यांच्या तपासण्या झाल्या, त्यात माझं एचबीएवनसी, म्हणजे रक्तातल्या साखरेची तीन महिन्यांची सरासरी दाखवणारा आकडा, ६.३ आलं. ५.७ ते ६.४ म्हणजे मधुमेहाचा उंबरठा, आणि मी त्या उंबरठ्याच्या आतल्या कडेला उभी होते. माझ्या वडिलांना मधुमेह होता. त्यांच्या पायाची जखम किती महिने भरली नव्हती, ते मी पाहिलेलं आहे. रिपोर्ट हातात आला त्या रात्री मला झोप लागली नाही.

उंची १५७ सेंटिमीटर, वजन ८४.२ किलो, कमर १०१ सेंटिमीटर. १ जानेवारीला सोमवार होता, म्हणून त्याच दिवशी सुरुवात केली. काही विशेष केलं नाही. चार पोळ्यांच्या दोन केल्या, ऑफिसातल्या चहाबरोबरची बिस्किटं सोडली, रात्रीचा भात बंद केला आणि सकाळी सारसबागेभोवती पाऊण तास चालायला लागले. दर सोमवारी वजन करायचं आणि वहीत लिहायचं. जानेवारीत अडीच किलो उतरलं, फेब्रुवारीत दोन. मेच्या लग्नांत श्रीखंड, आमरस खाऊनही आकडा खाली येत राहिला. १० जूनला ७५.१. पाच महिन्यांत नऊ किलो. नणंद म्हणाली, "ओळखू येईनास की गं."

त्या काळात व्यायामाला उठण्याचा मला कधी कंटाळा आला नाही, आणि मला वाटायचं की माझी इच्छाशक्तीच मोठी आहे. आता कळतं, मला उठवायचा तो सोमवारचा आकडा. दर आठवड्याला बक्षीस मिळत असेल तर कोण उठणार नाही?

१७ जूनला ७५.३. २४ला ७४.९. १ जुलैला पुन्हा ७५.१. आधी वाटलं, होतं असं कधीकधी. मग जून सरायच्या आतच मी अन्न आणखी आवळलं. दोन पोळ्यांची एक केली आणि संध्याकाळी फक्त सूप. चार दिवसांत डोकं दुखायला लागलं. ऑफिसात एका खातेदाराच्या व्याजाचा हिशेब दोनदा चुकला, माझ्या हातून असं कधी होत नाही. घरी मुलावर विनाकारण ओरडले. त्याने बिचाऱ्याने डब्यात भाजी उरवली एवढंच झालं होतं.

जवळच्या एका जिममध्येही महिनाभर नाव घातलं होतं. तिथला प्रशिक्षक पंचविशीचा. मी त्याला वही दाखवली. त्याने पानं चाळली आणि म्हणाला, "मॅडम, खरं सांगा, घरी काहीतरी खाता ना चोरून?" दोन-तीन जणी ऐकत होत्या. माझा चेहरा तापला. मी खोटं बोलत नव्हते. रोजचं पान लिहिलेलं होतं, अगदी अर्ध्या केळ्यासकट. ते वाक्य मला आजही लागतं, आणि ज्यांचं वजन अडकतं त्यांतल्या कितीतरी जणींना ते ऐकावं लागतं हेही आता मला माहीत आहे. दुसऱ्या दिवसापासून मी तिथे गेले नाही.

म्हणून वारी हा माझा शेवटचा डाव होता. तो असा फसला.

पुढचे तीन आठवडे काहीच केलं नाही. आधी बरं वाटलं, पहाटेची झोप मिळाली. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत टक्क जागी असते. गुडघा, जो मार्चपासून गप्प होता, तो जिना उतरताना पुन्हा बोलायला लागला. तिसऱ्या आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "अगं, तू चालायला जायचीस तेव्हा घरात तुझा आवाज वेगळा असायचा." त्यांना मधुमेह, वजन यांतलं फारसं काही सांगितलेलं नव्हतं मी. तरीही त्यांना फरक कळला.

वहीत मात्र या तीन आठवड्यांचं काहीच नाही. झोप, गुडघा, आवाज यांच्यासाठी माझ्या वहीत रकानाच नव्हता.

जुलैच्या शेवटी आमच्या डॉक्टरबाईंकडे गेले ते गुडघ्यासाठी. त्यांनी वही मागितली. मी दिली आणि जिममधलं ते वाक्य आठवून आधीच सांगून टाकलं, "डॉक्टर, मी चोरून खात नाही." त्यांनी चष्मा काढला. म्हणाल्या, "मी विचारलं का तसं?" मग त्यांनी माझ्याच पेनाने माझ्याच वहीत हिशेब मांडला. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. म्हणजे १.३ किलो चरबी वाढायला १० हजार कॅलरी जास्तीच्या पोटात जायला हव्यात. "वारीच्या दिवशी तुम्ही काय खाल्लंत?" मी आठवून सांगितलं : साबुदाण्याची खिचडी, केळी, राजगिऱ्याचे लाडू, वडकी नाल्यावर पिठलं-भाकरी, पाच-सहा चहा. "यात १० हजार होतात?" होत नव्हते. कशानेही होत नव्हते.

मग ते सव्वा किलो काय होतं? पाणी. सवयीपेक्षा खूप जास्त चालल्यावर स्नायूंना बारीक इजा होते, ती भरून काढताना तिथे पाणी साचतं, पोटऱ्या दगडासारख्या झाल्या त्या म्हणूनच. शिवाय मी कित्येक दिवस उपाशी-अर्धपोटी होते आणि त्या दिवशी साबुदाणा, केळी, गोड चहा पोटभर घेतला. शरीराने त्यातली साखर स्नायूंत आणि यकृतात साठवली, आणि त्या साठ्याच्या प्रत्येक ग्रॅमबरोबर सुमारे ३ ग्रॅम पाणीही धरून ठेवलं जातं. त्यात खिचडी-पिठल्याचं मीठ. चार-पाच दिवस थांबून वजन केलं असतं तर ते उतरलेलं दिसलं असतं. मी थांबले नाही. बूट माळ्यावर गेले.

वारीचं कोडं सुटलं, पण त्याच्या आधीचे आठवडे? त्यावर त्यांनी जे सांगितलं ते मला तेव्हा नीटसं पटलं नाही. म्हणाल्या, "तुम्ही आता ८४ किलोच्या नाही. ७५ किलोच्या शरीराला ८४ किलोच्या शरीराइतकं इंधन लागत नाही. जानेवारीत जे खाणं कमी होतं, तेच आता बरोबरीचं झालंय." मी मान डोलावली आणि घरी आले. मनात होतं, नऊ किलोने असा काय मोठा फरक पडणार?

तो फरक मला शनिवारी कळला. आमच्या इमारतीची लिफ्ट बंद होती. मी गिरणीतून दळण घेऊन आले, गहू आणि थोडी ज्वारी, डबा धरून नऊ-साडेनऊ किलो. आम्ही तिसऱ्या मजल्यावर राहतो. पहिला मजला बरा गेला. दुसऱ्या मजल्यावर डबा या हातातून त्या हातात घेतला. डब्याची कडी बोटांत रुतत होती, ताजं पीठ झाकणाच्या फटीतून साडीवर उडत होतं, पिठाची गरम ऊब मांडीला लागत होती. तिसऱ्या मजल्याच्या वळणावर मी डबा खाली ठेवला आणि कठड्याला टेकून उभी राहिले. धाप लागली होती. आणि तिथे उभ्या उभ्या डोक्यात लख्ख आलं : हा डबा मी जानेवारीत चोवीस तास उचलून हिंडत होते. सारसबागेच्या प्रत्येक फेरीला, ऑफिसच्या जिन्यावर, ओट्यापाशी पोळ्या लाटताना, अंथरुणातून उठताना. तेव्हाचा पाऊण तास म्हणजे हा डबा घेऊन पाऊण तास होता. आता तो पाऊण तास डब्याशिवाय होता. अंतर तेच, वेळ तीच, आणि काम दहा-अकरा टक्क्यांनी कमी.

आणखी एक गोष्ट मग माझी मलाच दिसायला लागली. जूनमध्ये अन्न आवळल्यापासून मी नकळत हालणंच कमी केलं होतं. ऑफिसात पाण्याची बाटली भरायला मी स्वतः उठायचे, ती शिपाईदादांकडे द्यायला लागले. घरी मुलाला सांगायचे, "जरा रिमोट दे रे." भाजी आणायला चालत जायचे, ती फोनवरून मागवायला लागले. पुढच्या खेपेला हे डॉक्टरबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी १९४४-४५ सालचा एक प्रयोग सांगितला. अमेरिकेत मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज या शास्त्रज्ञाने ३६ निरोगी तरुणांना सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवून पाहिलं होतं. माणसं वाळली हे उघडच होतं. पण त्यांच्या शरीराचा खर्च वजनाच्या मानाने जास्तच उतरला, ती माणसं मलूल झाली, हालचाली टाळायला लागली, दिवसभर अन्नाचाच विचार करायला लागली. ऐकताना माझ्या अंगावर काटा आला, कारण सुपाच्या त्या आठवड्यांत मीही ऑफिसात बसून उद्याच्या नाश्त्याचा विचार करत असायचे. मी आळशी झाले नव्हते. शरीर आपली शिल्लक जपत होतं. पतसंस्थेत काम करणारीला याहून स्पष्ट कोण काय सांगणार?

डॉक्टरबाईंनी तीन गोष्टी सांगितल्या. पहिली, पोटभर खा. दोन पोळ्या परत सुरू करा, वर मटकीची किंवा मुगाची उसळ, अंडी, डाळ, दही, ताक वाढवा, दिवसाला साधारण ६० ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत. नाहीतर शरीर चरबीबरोबर स्नायूही मोडून खातं. दुसरी, नुसतं सपाटीवर चालू नका, पायांना चढ द्या, ताकदीचं काहीतरी करा. तिसरी, काटा नजरेआड ठेवा आणि महिन्यातून एकदाच काढा, कमर मात्र मोजा.

कमरेवर त्या जरा जास्त बोलल्या. आपल्या लोकांमध्ये बायकांची कमर ८० आणि पुरुषांची ९० सेंटिमीटरच्या पुढे गेली की धोका धरतात. पुण्याच्याच केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचा एक गाजलेला फोटो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात २००४ साली आला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, अगदी सारखा, २२.३. पण एकाच्या अंगात चरबी ९.१ टक्के आणि दुसऱ्याच्या २१.२ टक्के. जास्त चरबीवाले कोण, हे सांगायची गरज नाही. "काटा सगळं एकत्र तोलतो," त्या म्हणाल्या, "चरबी, स्नायू, पाणी, आत्ताच प्यायलेला चहा. तुमची साखर बिघडवते ती पोटाची चरबी. ती टेपने कळेल."

मला सगळं समजलं. तरी मी उठले नाही.

हे मुद्दाम सांगते, कारण मला खरंच वाटलं होतं की कारण कळलं की पाय आपोआप चालायला लागतील. माहिती डोक्यात होती, बूट माळ्यावर होते. पहाटे साडेपाचचा गजर व्हायचा, मी तो बंद करायचे आणि छताकडे बघत पडायचे. मनात एकच प्रश्न असायचा : कशासाठी? जानेवारीत त्याला उत्तर होतं, सोमवारचा आकडा. आता डॉक्टरांनी काटाही कपाटावर ठेवायला लावला होता. मग उठायचं ते कशाकडे बघून?

शेजारच्या काकू मला यातून बाहेर काढतील असं तेव्हा वाटलं नव्हतं. वय ६८. रोज पर्वती चढतात, बावीस वर्षं झाली. घरात वजनकाटा नाही. ४ ऑगस्टच्या रविवारी संध्याकाळी दारात उभ्या राहून म्हणाल्या, "उद्या पहिला श्रावणी सोमवार. देवदेवेश्वराला जायचं. येतेस?" मी म्हटलं, "काकू, मला एवढ्या पायऱ्या झेपायच्या नाहीत." त्या म्हणाल्या, "देवाला जायचंय अगं, शर्यतीला नाही. नाही झेपलं तर बस मध्ये."

व्यायामाला चल म्हणाल्या असत्या तर मी गेले नसते.

पर्वतीच्या पायऱ्या १०३. लहानपणापासून हा आकडा ऐकलेला, पण एकेक मोजत कधी चढले नव्हते. दगडी, रुंद पायऱ्या. रात्रभर पाऊस होऊन गेलेला, दगड काळाभोर ओला, कडेला शेवाळं. काकू उजव्या बाजूने, कठडा धरून, एका लयीत. मी त्यांच्या मागे. चाळिसाव्या पायरीपर्यंत ठीक होतं. साठला छातीत धडधडायला लागलं, बसले. पुन्हा पंचाऐंशीला बसले. काकू वरच्या पायरीवर थांबून खालच्या शहराकडे बघत राहिल्या, माझ्याकडे बघितलं नाही. त्यांनी तेव्हा मागे वळून "चल, चल" केलं असतं तर मी उतरले असते.

वर पोचलो. नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली बांधलेलं हे मंदिर, आणि पानिपतानंतर ते गेले तेही इथेच, पर्वतीवर. गाभाऱ्यात बेलाचा ओला वास, घंटा, रांग. दर्शन झाल्यावर कट्ट्याशी उभी राहिले. खाली सारसबाग, पलीकडे पेठांची दाटी, आणि ढगांतून उन्हाचा एक पट्टा स्वारगेटकडे सरकत होता. पाय थरथरत होते. किती कॅलरी गेल्या असतील हा विचार मनात आलाच नाही. महिन्याभरात पहिल्यांदा आला नाही.

उतरताना काकूंना विचारलं, "तुम्हाला कधी कंटाळा येत नाही?" म्हणाल्या, "येतो की. रोज येतो. कंटाळा घेऊनच येते वर. वर येईपर्यंत तो दमतो."

बुधवारी पहाटे ५:२० ला फोन एकदा वाजून थांबला. काकूंचा मिस्ड कॉल. म्हणजे त्या खाली येऊन उभ्या आहेत. मी उचलायचा नाही, खाली जायचं, एवढंच ठरलं होतं. तो मिस्ड कॉल माझ्यासाठी गजरापेक्षा फार वेगळा होता. गजर बंद करता येतो. खाली पावसात छत्री घेऊन उभ्या असलेल्या ६८ वर्षांच्या बाईला बंद करता येत नाही.

तरीही काही दिवस पाय निघायचे नाहीत. त्यासाठी मी स्वतःशी एक ठरवून टाकलं : पर्वतीच्या पहिल्या पायरीला हात लावायचा, तिथून परत यायचं असेल तर खुशाल यायचं. सहा महिन्यांत दोनदा खरंच हात लावून परत आले. एकदा ताप होता, एकदा पाळीचा दुसरा दिवस. त्या दोन्ही दिवशी मला अपराधी वाटलं नाही. पायरीला हात लावला होता, ठरलं होतं तेवढं झालं होतं.

सोमवार, बुधवार, शुक्रवार पर्वती. मंगळवारी आणि गुरुवारी घरी वीस मिनिटं. खुर्चीवर बसून हात न टेकता उठायचं, दहादा, तीन वेळा. ओट्याला हात टेकून तिरपे जोर. भिंतीला पाठ लावून बसकण. आणि तोच दळणाचा डबा दोन्ही हातांनी छातीशी धरून उठाबशा, आधी पाच, मग आठ. डब्याकडे बघून आधी राग यायचा. पुढे मला तो आवडायला लागला, तो माझ्याच अंगावरून उतरलेला भार होता आणि आता मी त्याला कामाला लावलं होतं. रविवारी सुट्टी.

वहीची पानं मी नव्याने आखली. आकड्याच्या जागी हे रकाने : किती पायऱ्यांवर थांबले, किती फेऱ्या, झोप कशी, गुडघा कसा. १२ ऑगस्ट : ७०ला थांबले. १९ ऑगस्ट : ९०ला थांबले. २३ ऑगस्ट : न थांबता वर, त्यापुढे मी काहीतरी लिहिलंय आणि ते ओल्या हातामुळे फिसकटलंय. २८ ऑगस्ट : दोन फेऱ्या. दर आठवड्याला काहीतरी पुढे सरकत होतं. माझ्या हातात होतं असं काहीतरी. वजन माझ्या हातात नव्हतं, ते पाण्यावर, मिठावर, पाळीवर, झोपेवर हलत होतं. पायरी हलत नव्हती.

आणि नाडी. ऑफिसला मी साडी नेसते. परकराची नाडी बांधल्यावर जे टोक उरतं, ते जूनमध्ये चार बोटं होतं. ऑगस्टच्या मध्यात एक दिवस गाठ मारताना टोक लांब वाटलं. बोटं लावून बघितली, चारांपेक्षा जास्तच. मला वाटलं परकर दुसरा असेल. उलटून बघितला, तोच, निळा, काठाला रफू केलेला. शिवणाच्या डब्यातून टेप काढला आणि बेंबीच्या रेषेत, श्वास सोडून, दोनदा मोजलं.

२ सप्टेंबरला, श्रावण सरता सरता, कपाटावरून काटा काढला. ७५.०. १० जूनला ७५.१ होतं. बारा आठवडे, शंभर ग्रॅम. पण टेप म्हणत होता ८९, आणि जूनमध्ये कमर होती साडेब्याण्णव. साडेतीन सेंटिमीटर गेले होते आणि काट्याला त्याचा पत्ताच नव्हता. जुलैत हा आकडा बघून मी बूट फेकले असते. त्या दिवशी मी काटा परत वर ठेवला, साडी नेसले आणि ऑफिसला गेले. पाच दिवसांनी गणपती बसले, मी मोदक खाल्ले, तुपासकट.

काटा पुढे हलला. ७ ऑक्टोबरला ७३.६. दिवाळीनंतर ७३.२. डिसेंबरात एचबीएवनसी ५.७, म्हणजे उंबरठ्याच्या अगदी बाहेरच्या काठावर, अजून पलीकडे नाही. वेग जानेवारी २०२४सारखा आता नाही, तसा तो पुन्हा येणार नाही असं डॉक्टरबाईंनी आधीच सांगितलंय. साताऱ्याची बहीण अजूनही फोनवर पहिलं विचारते, "किती झालं?" तिला मी वजनच सांगते, कारण तिला तेच कळतं. पायऱ्यांचं तिला अजून नीट सांगता आलेलं नाही मला.

जानेवारीत काकूंबरोबर सिंहगडला गेले. ५० नंबरच्या बसने पायथ्याला उतरलो आणि अतकरवाडीच्या वाटेने चढलो. मला एक तास पन्नास मिनिटं लागली. रविवारी तिथे नेहमी येणारी मंडळी त्याच्या निम्म्या वेळात जातात, काही तर एका दिवसात दोनदा. वाटेत मडक्यातलं दही घेतलं, वर पिठलं-भाकरी. दुसऱ्या दिवशी काट्यावर उभं राहायची इच्छा झाली, खोटं कशाला बोलू. सवय आहे ती. मी पोटऱ्यांना तेल चोळलं आणि काटा काढला नाही.

फेब्रुवारीत पुन्हा अडकलं. ३ फेब्रुवारीला ७२.१, ३ मार्चला ७२.२. त्या सोमवारी सकाळी मला जुलैतलं सगळं आठवलं, पोटात तोच खड्डा पडला. ५:२० ला फोन एकदा वाजून थांबला. मी काटा कपाटावर ठेवला आणि खाली उतरले. उन्हाळा सुरू होत होता, आकाश स्वच्छ होतं. परत आल्यावर वहीत लिहिलेलं असं आहे : "सोमवार. ५ फेऱ्या. गुडघा ठीक. झोप साडेसहा तास. काकूंना आज थोडा दम, म्हणून पाचवी फेरी मी एकटीने. वरून सिंहगड दिसला."